अक्कलदाढ काढल्यावर पहिले चार-पाच दिवस खायचं काय?

चमचाभर:
खालची अक्कलदाढ उद्या काढायची आहे, हिरडी कापून, टाके घालून. 'मऊ खा' एवढंच सांगितलंय. मऊ म्हणजे नेमकं किती मऊ? आणि नुसत्या आइस्क्रीमवर किती दिवस काढायचे?

दंतकथा:
घास जिभेने टाळूवर दाबला की चुरडला पाहिजे. दातांची गरज लागली, म्हणजे तो अजून मऊ नाही.

भूल पूर्ण उतरेपर्यंत खाऊ नका. ती काही तास टिकते, आणि तोवर गाल-जीभ चावली गेली तरी कळत नाही. पहिला दिवस थंड दही, गार केलेलं पातळ सूप, मिल्कशेक. गरम नको, रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. सगळं चमच्यानेच, स्ट्रॉने ओढलं की खळग्यातली रक्ताची गुठळी सुटू शकते. ती गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. गेली की हाड उघडं पडतं, तोच ड्राय सॉकेट. जोरात थुंकणं आणि सिगारेटही म्हणूनच बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणकायला लागलं, तर लगेच दाखवा.

निमूट:
आइस्क्रीमवर राहिलात तर दुसऱ्या दिवशीच गळून जाल. दुसऱ्या दिवसापासून कोमट खा आणि अंडी घ्या. दोन अंडी, दोन मोठे चमचे दूध, मंद आच, सतत ढवळायचं, ओलसर असतानाच उतरवायचं. जास्त शिजलं की रबरासारखं होतं, मग चावावंच लागतं. यातून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बटाटा गरम असतानाच हाताने कुस्करा; मिक्सरला लावलात तर गोंदासारखा चिकट होतो. शेकमध्ये केळं चालेल, स्ट्रॉबेरी-किवी नको, बिया टाक्यांत अडकतात. सुटा भातही नको.

चमचाभर:
दुधात बुडवलेलं बिस्किट?

निमूट:
भिजलं तरी रवाळच राहतं, कण खळग्यात बसतात. आठवडाभर विसरा.

चमचाभर:
बरं. आणि गोळ्या? उपाशीपोटी चालतील?

दंतकथा:
दुखण्यावरची आयबुप्रोफेन असेल तर आधी वाटीभर काहीतरी खा. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक लिहून दिली असेल तर तिच्यासोबत दूध-दही नको. कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही, दोन तासांचं अंतर ठेवा.

२४ तास झाले की दरवेळी खाल्ल्यावर चूळ: कपभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. खळखळून नाही हं. मान त्या बाजूला कलती करा, पाणी जखमेवर जाऊ द्या, मग तोंड उघडून बेसिनमध्ये नुसतं पडू द्या. तरीही काही अडकलेलं दिसलं तर टूथपिक घालू नका, आणखी दोन-तीन चुळा भरा. खळग्यात पांढरट थर दिसला तर तो बहुतेक वेळा अन्न नसून जखम भरत असल्याची खूण असते, तो खरवडू नका.