मोंतेरिज्जोनीला थांबावं का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सासूबाई-सासरे येताहेत. इटलीत फ्लोरेन्सहून सिएनाला गाडीने जाताना मोंतेरिज्जोनी वाटेत लागतं. दोघंही सत्तरीचे. एवढ्याशा गावात बघण्यासारखं काही आहे का, की रस्त्यावरूनच फोटो काढून पुढे निघावं?

———

ताई,

थांबाच, आणि निवांत थांबा.

एक चौक, एक चर्च, थोडी घरं. या दरवाजातून आत शिरलं की त्या दरवाजाने बाहेर. पण मुळात ही सिएनाची, तेव्हाच्या स्वतंत्र नगरराज्याची, सरहद्दीवरची चौकी. फ्लोरेन्सशी हाडवैर, म्हणून तिकडून येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला सिएनाने 1213 ते 1219 मध्ये हा कोट उभारला. तट साधारण 570 मीटरचा, त्यावर 14 बुरूज. नरकात कमरेपर्यंत रुतलेल्या राक्षसांना इटालियन महाकवी दान्तेने याच बुरुजांची उपमा दिली आहे. तेव्हा ते आजच्याहून बरेच उंच होते.

फ्लोरेन्सच्या वेढ्यांना हा कोट तीनशेहून अधिक वर्षं पुरून उरला. शेवटी 1554 मध्ये किल्लेदार जोव्हान्निनो झेती याने न लढता किल्ल्या फ्लोरेन्सच्या राज्यकर्त्या मेडिची घराण्याच्या फौजेच्या हाती दिल्या. तो मूळचा फ्लोरेन्सचाच, तिथून हद्दपार झालेला. पुढच्याच वर्षी सिएना पडलं. फितुरीने गेलेले गड आपल्याला नवे नाहीत, त्यामुळे सासऱ्यांना ही गोष्ट लगेच भिडेल. पण ती तटावर उभं राहूनच सांगा.

तटाच्या काही भागावर तिकीट काढून चालता येतं. खाली द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि ज्या वाटेसाठी एवढं सगळं झालं ती वाट.

———

काकांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालते. गाडी टेकडीखाली लावावी लागते आणि तिथून चढ आहे. तटावर जायला जिनाही आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना चौकातच बसू द्या. दुपार टाळा, पर्यटकांच्या बस तेव्हाच येतात.

तुम्हा दोघांना चालायची हौस असेल, तर रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट, व्हिया फ्रान्चिजेना, इथूनच जाते. तीन-चार किलोमीटरवर आब्बादिया आ ईझोला हा जुना मठ आहे.

———

काका, ताई, मनापासून आभार. सिएनाचं हॉटेल संध्याकाळी उशिरा गाठू, तटासाठी सकाळ राखून ठेवते.