हातात मोबाईल असताना इन्स्टंट कॅमेरा कशाला?

कायपण_विचारतो:
मंडळी, भाचीचा सोळावा वाढदिवस जवळ आलाय आणि तिला तो फोटो लगेच बाहेर येणारा कॅमेराच पायजे. मी म्हणलं अगं तुझ्या फोनमध्ये याच्या दसपट भारी फोटो येतो, तर "मामा तुला नाही कळायचं" म्हणून विषयच संपवला. आता खरंच नाही कळत हो. जरा शोधाशोध केली तर एका पाकिटात फोटो दहा, झूम नाही, डिलीट नाही, दुसरी कॉपी नाही आणि फोटो केवढा तर ६२ बाय ४६ मिलिमीटर, काडेपेटीहून थोडा मोठा! बरं हे सगळं २००८ ला मेलं होतं ना? असे कॅमेरे बनवणारी पोलरॉइड कंपनी फिल्म बंद करणार ही बातमी मला चांगली आठवते, तेव्हा आम्ही हळहळलो होतो आणि हळहळून झाल्यावर डिजिटल कॅमेरा घ्यायला गेलो होतो. मग हे भूत परत आलं कुठून? नुसती फॅशन आहे का? आणि पोरगी दोन महिन्यांत कपाटात टाकेल का, ते पण अनुभवी लोकांनी खरं खरं सांगा.

निगेटिव्ह_माणूस:
मेलं होतं पण पुरलं नव्हतं. पोलरॉइडचा नेदरलँड्समधला एन्शेडचा कारखाना बंद होत होता तेव्हा तिथल्याच काही जुन्या माणसांना धरून इम्पॉसिबल प्रोजेक्ट नावाने काही जणांनी मशिनरी वाचवली. पण मशीन मिळाली तरी जुनी केमिकल्स मिळेनात, त्यामुळे फिल्मची रेसिपी जवळपास पहिल्यापासून बसवायला लागली. २०१० ला त्यांची पहिली फिल्म आली, ती बाहेर आल्या आल्या झाकली नाही तर फोटो गेलाच. तरी लोक घेत होते! मग २०१७ ला पोलरॉइड ओरिजिनल्स नाव लावलं आणि २०२० पासून नुसतं पोलरॉइड. आणि फुजी कंपनीचे असेच कॅमेरे, इन्स्टॅक्स, ते तर १९९८ पासून चालूच आहेत, ते मधे कधी थांबलेच नाहीत. तुम्ही साईज सांगताय त्यावरून भाचीला इन्स्टॅक्स मिनी पायजे.

गंमत म्हणजे हा धंदा सुरूच झाला तो एका पोरीच्या हट्टामुळे. १९४३ ला पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड फॅमिलीला घेऊन सांता फेला सुट्टीवर गेला होता, तिथे त्याच्या लहान मुलीने विचारलं की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही बघायला मिळत. १९४७ ला त्याने लोकांसमोर करून दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका दुकानात कॅमेरे आले ते पहिल्याच दिवशी संपले. नंतर कोडॅकने पण यात उडी मारली, पोलरॉइडने पेटंटवरून कोर्टात खेचलं आणि १९८६ ला कोडॅकला या धंद्यातून गाशा गुंडाळावा लागला. तर मामा, हट्टाला हसू नका 😄

रीळ_संपला:
मी उलटी बाजू सांगतो, शिव्या घाला. हा प्रिंटरच्या शाईचा धंदा आहे. कॅमेरा एकदाच घेता, पाकिटं जन्मभर. भाचीला कॅमेरा तुम्ही देणार, पाकिटं कोण देणार ते आधी ठरवा, कपाटात जातो तो याच कारणामुळे, हौस फिटली म्हणून नाही. आणि हल्ली तर हायब्रिड पण निघालेत, आधी स्क्रीनवर बघा, आवडला तर छापा. मग त्याला कॅमेरा कशाला म्हणायचं, गळ्यात अडकवलेला प्रिंटर म्हणा की.

पांढरी_चौकट:
हायब्रिडबद्दल +१, माझं पण डोकं फिरतं. छापायच्या आधी बघितला तर मजा काय राहिली.

मामा, मी चार वर्षं वापरतेय. पहिल्या पाकिटात किती उरलेत बघायला मी मागचं झाकणच उघडलं 🤦 आतल्या फिल्मला उजेड लागला आणि पुढचे तीन फोटो पांढरेफटक, चौथ्याची नुसती कड गेली. नंतर कळलं की आकडा बाहेरच दिसतो.

पण का आवडतं ते सांगते. आजोबांचा फोटो काढला एकदा. फोनवर मी त्यांचे शंभर काढलेत, ते बघतात, बरं आलंय म्हणतात आणि चष्मा काढून ठेवतात. या वेळेला घर्र आवाज झाला, ती जाड पांढरी पट्टी आधी बाहेर आली, मग कोरा कागद, मी तो त्यांच्या हातात दिला आणि ते म्हणाले यात काहीच नाहीये गं, बिघडलाय तुझा कॅमेरा. मग आधी शर्टाची कॉलर दिसायला लागली, मग कपाळ, आणि चेहरा येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले "आलो की मी!" तो फोटो त्यांच्या चष्म्याच्या केसमध्ये आहे, येणाऱ्या जाणाऱ्याला काढून दाखवतात. मला स्कॅन करायला मागितला तर म्हणे उद्या सकाळी परत आणून दे. माझ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आणि मलाच उसना!

दहाच असल्यामुळे अजून एक होतं. आम्ही आठ जणी फिरायला गेलो होतो एक पाकीट घेऊन, तर प्रत्येक फोटोच्या आधी भांडण, आत्ता नको, उन्हं उतरू दे, हिचे डोळे मिटलेत. फोनचे शेकडो फोटो होते त्या ट्रिपचे, ते कोणाच्या ड्राइव्हवर आहेत देव जाणे.

एफ_बारा_पॉइंट_सात:
थोडं तांत्रिक, भाचीला पाठवा.

ती जाड पट्टी नुसती नाव लिहायला नाही, आत केमिकलची पुडी असते. फिल्म दोन रोलरमधून दाबून बाहेर येते तेव्हा पुडी फुटते आणि केमिकल पूर्ण फोटोभर पसरतं, डार्करूमचं सगळं काम तिथेच. म्हणून बाहेर येताना फोटो ओढायचा नाही, चुरगळायचा नाही आणि प्लीज हलवायचा नाही. हलवायची सवय जुन्या सोलून काढायच्या फिल्मची, तिथे फोटो ओला असायचा म्हणून वाळवायला लागायचा, आता सगळं प्लास्टिकच्या आत सीलबंद आहे, हलवून वाराच लागणार. इन्स्टॅक्स दीड मिनिटात दिसायला लागतो, पोलरॉइडच्या रंगीत फिल्मला दहा पंधरा मिनिटं लागतात आणि तो उजेडापासून लपवून पालथा ठेवायचा. थंडीत पोलरॉइड निळसर फिक्कट येतो, तेव्हा खिशात अंगाच्या उबेला ठेवा, कडक उन्हाळ्यात पिवळट लालसर होतो. प्रत्येक फोटोवर ठराविक अंतराने तोच तोच ठिपका दिसायला लागला तर रोलरला घाण चिकटलीय, पुसून घ्या, मी या नादात एक अख्खं पाकीट वाया घालवलंय.

साध्या मिनीचा फ्लॅश साधारण दोन-अडीच मीटरपर्यंतच पोचतो, रात्री लांबचा ग्रुप काढला तर काळोखात चार भुतं. आणि व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, लेन्सच्या बाजूला असतो त्यामुळे अगदी जवळून काढताना चौकट सरकते, डोकी उडतात.

रीळ_संपला, हे खेळणं म्हणून सोडून देऊ नका. नामवंत फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स पोलरॉइडचा सल्लागार होता आणि चित्रकार डेव्हिड हॉकनीने पोलरॉइड शेजारी शेजारी लावून मोठी चित्रं केली ती पांढऱ्या चौकटींसकट.

रीळ_संपला:
हॉकनीला पाकिटं कोण घेऊन देत होतं ते विचारतोय मी 😂

कायपण_विचारतो:
सगळ्यांचे आभार. घेतोय. सोबत पाच पाकिटं देणार आणि पुढची तिच्या बापाने बघावीत, माझा मेव्हणा हे वाचत नाही हे बरंय. पहिला फोटो मात्र माझाच काढायला लावणार.

पांढरी_चौकट:
काढू द्या. फक्त नवीन पाकीट टाकलं की पहिल्या क्लिकला फिल्मचं काळं कव्हर बाहेर येतं, तो तुमचा फोटो नव्हे 😄