किराणा दुकानात पिशवी कुठली ठेवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझं छोटं किराणा दुकान आहे. 2018 साली राज्यात बंदी आली तेव्हापासून हँडलची प्लास्टिक पिशवी मी ठेवतच नाही. पहिल्याच खेपेला 5000 रुपये दंड, कुणाला परवडतंय? त्याऐवजी कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या आणल्या. पुरवठादार म्हणतो, 60 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या) चालतात. परवा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, हेही प्लास्टिकच! (पॉलिप्रॉपिलीनच ते, तेव्हा अगदीच खोटं नाही.) दंड टळला, पण धाकधूक आहे. जीएसएम दुकानातच कसं तपासायचं? पिशवीवर काय छापलेलं लागतं? जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवणारा बचतगट कुणाच्या ओळखीत आहे का? गिऱ्हाईक पाच रुपयांनाही कुरकुरतं, तेवढं लक्षात घेऊन सांगा.