अल्टरनेटर नवीन घ्यावा की दुरुस्त करून घ्यावा? (सोलापूर)

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती ९८,००० किलोमीटर चालली आहे. मागील आठवड्यात रात्री पुण्याहून परतताना टेंभुर्णीच्या अलीकडे डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला. एसी बंद करून गाडी तशीच पुढे आणली, परंतु मोहोळजवळ हेडलाइट मंदावले आणि इंजिन बंद पडले, ते पुन्हा सुरू झालेच नाही. शेवटी टोचन करून गाडी सोलापुरात आणावी लागली.

बॅटरी बाहेर चार्ज करून बसवल्यानंतर मीटरने मोजले असता इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, सुरू केल्यावर १३.१ आणि एसी, ब्लोअर व हेडलाइट एकदम लावल्यावर १२.२ असे आकडे मिळाले. रेस दिली तर आकडा जेमतेम १३.३ पर्यंत चढतो. सर्व्हिस सेंटरने मूळ कंपनीचा नवीन अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा व बॅटरी चार्ज करणारा भाग), बेल्ट आणि मजुरी मिळून १६,४०० रुपयांचा अंदाज दिला असून माल पुण्याहून मागवावा लागेल, असे सांगितले. होटगी रस्त्यावरील एक ऑटो इलेक्ट्रिशियन तोच अल्टरनेटर उघडून ३,००० रुपयांत दुरुस्त करून देण्यास तयार आहे. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या गाडीतून काढलेला अल्टरनेटर ४,५०० रुपयांना. बॅटरीवाल्याचे म्हणणे मात्र असे की, दोष बॅटरीतच आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे?

मल्टीमीटर

आपण आकडे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असते, त्यामुळे तिच्यावर लगेच संशय घेण्याचे कारण नाही; खात्री हवी असेल तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी) करून घ्यावी, ती बहुतेक बॅटरीची दुकाने करून देतात. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. भार टाकल्यावर आकडा बॅटरीच्या स्वतःच्या व्होल्टेजखाली जातो, याचा अर्थ अल्टरनेटर गाडीची गरज भागवत नसून तूट बॅटरीतून भरली जात आहे. रात्री हेडलाइट, फ्युएल पंप, इग्निशन आणि रेडिएटरचा पंखा मिळून पंधरा-वीस अँपिअर सहज लागतात, आणि छोट्या गाडीतील ३५ अँपिअर-अवरची बॅटरी एवढा भार फार तर दीड तास सोसते. टेंभुर्णी ते मोहोळ हा आपला प्रवास त्या हिशेबात बरोबर बसतो.

तरीही अल्टरनेटर खोलण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बेल्ट: तो सैल किंवा चकचकीत झाला असेल तर भार पडताच पुलीवर घसरतो आणि लक्षणे अगदी अशीच दिसतात. दुसरी गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत. इंजिन सुरू ठेवून आणि सर्व भार लावून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मागील जाड बोल्टवर व दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर लावावी. त्यानंतर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांमध्येही तसेच मोजावे. चांगल्या वायरिंगमध्ये हा फरक फार तर ०.२ व्होल्टच्या आसपास असतो. तो अर्धा-एक व्होल्ट आला, तर दोष गंजलेल्या लगमध्ये (तारेच्या टोकावरील जोडणीत) किंवा अर्थच्या पट्टीत (बॅटरीचे निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या तारेत) आहे, आणि ते काम काहीशे रुपयांत होते. पंख्याच्या पात्यांपासून हात आणि मीटरच्या तारा जपाव्यात.

जुळे_सोलापूरकर

मी मागील वर्षी नवीन अल्टरनेटर बसवला, कारण माझ्या गाडीत स्टेटरची (अल्टरनेटरमधील स्थिर भागाची) तारेची वाइंडिंगच जळाली होती. तशी स्थिती असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये, असे माझे मत आहे. मात्र नवीन घेणे म्हणजे सर्व्हिस सेंटरमधूनच घेणे, असे नाही. अल्टरनेटरवरील पट्टीवर बनवणाऱ्या कंपनीचे नाव, पार्ट नंबर आणि अँपिअर लिहिलेले असतात. गाडीच्या कंपन्या हा भाग बहुधा लुकास टीव्हीएस, डेन्सो, व्हॅलिओ यांसारख्या उत्पादकांकडून घेतात, आणि त्यांचा माल स्पेअर पार्टच्या दुकानातही मागवता येतो. मला त्यात जवळपास एक तृतीयांश पैसे कमी लागले. दुकानदाराकडून पक्के बिल आणि वॉरंटीची नोंद घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तेव्हा जुन्या २८ टक्क्यांच्या हिशेबाने कोणी अंदाज देत असेल तर विचारणा अवश्य करावी.

विम्याची आशा ठेवू नये. यांत्रिक अथवा विद्युत बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेला असतो. माझी खरी दगदग पैशांपेक्षा वेळेची झाली. माल येईपर्यंत गाडी दारात उभी होती आणि लग्नसराईमुळे भाड्याची गाडी मिळेना.

निवृत्त_वायरमन

साहेब, मी आयुष्यभर हेच काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. आपला अल्टरनेटर अजून काही प्रमाणात चार्ज देत आहे, म्हणजे तो पूर्ण गेलेला नाही. एवढ्या किलोमीटरनंतर कार्बन (आतील फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) झिजणे ही सर्वांत नेहमीची बाब आहे. दुसरी शक्यता अशी की, डायोड प्लेटमधील (तयार झालेली वीज बॅटरीसाठी एकाच दिशेने वाहू देणाऱ्या भागातील) एखादा डायोड गेला आहे. तसे असल्यास व्होल्टेज थोडे मिळते, पण भार घेण्याची ताकद राहत नाही, आणि डायोड शॉर्ट असेल तर उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरते. कार्बन, रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग), डायोड प्लेट, बेअरिंग हे सर्व सुटे मिळते. त्यामुळे ३,००० रुपयांचा अंदाज मला वाजवी वाटतो, परंतु त्यात नेमके काय काय बदलणार, हे आधी विचारून घ्या. स्लिप रिंग (जिच्यावर कार्बन घासतात ती कडी) खोल झिजली असेल, तर नुसते नवीन कार्बन टाकून उपयोग होत नाही. वाइंडिंग काळी पडून करपल्याचा वास येत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे नवीनच घ्यावा. काम झाल्यावर टेस्ट बेंचवर भार देऊन आपल्यासमोर चालवून दाखवायला सांगा. काढलेला जुना अल्टरनेटर मी कोणालाही सुचवणार नाही. त्याचे बेअरिंग किती फिरले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत आपल्याकडील काही गॅरेजमध्ये अजूनही आहे. तसे केल्यास व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोडच नव्हे, तर ईसीएमही (इंजिनचा संगणक) जळू शकतो. कोणी तसे करू लागला तर गाडी तिथून सरळ बाहेर काढावी. सर्व्हिसिंगच्या वेळी अल्टरनेटरवर प्रेशरचे पाणी मारू देऊ नये, हेही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, बॉनेटखाली तर त्याहून पुष्कळ अधिक, आणि त्यातच एसी पूर्ण वेगावर. रेग्युलेटर आणि डायोड मी एप्रिल-मे महिन्यांतच सर्वाधिक बदलले आहेत.

डिझेल गाडीवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: काही गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलची नळी असते. तिथे मजुरी वाढते, आणि जोडणीनंतर ब्रेकची चाचणी घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

विजापूर_रोड

सर्वांचे मनापासून आभार. बेल्ट ठीक आहे. भार लावून फरक मोजला, तो दोन्ही बाजूंनी ०.१ व्होल्टच्या आतच आला. म्हणजे वायरिंगमध्ये दोष नाही. इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर अल्टरनेटर उघडला: कार्बन जवळजवळ संपलेले, एक डायोड खुला (म्हणजे त्यातून वीज जातच नाही), बेअरिंगला आवाज, वाइंडिंग आणि स्लिप रिंग मात्र चांगल्या आहेत. डायोड प्लेट धरून तो ४,२०० रुपये म्हणतो आणि सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून देणार आहे. रेग्युलेटर अजून चालतो, तो राहू द्यावा का?

निवृत्त_वायरमन

राहू देऊ नका. खोलण्या-जोडण्याची मजुरी आपण देतच आहात, आणि तोच रेग्युलेटर पुढच्या उन्हाळ्यात गेला तर ती पुन्हा द्यावी लागेल. बसवून झाल्यावर सर्व भार लावून बॅटरीवर १३.८ च्या वर आणि भार काढल्यावर १४.८ च्या आत आकडा येतो ना, एवढे तिथेच मोजून मग पैसे द्या.