मदत हवी आहे : बंद लूमच्या शेडवर बिगर-निवासी घरपट्टी

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागे पत्र्याची शेड. तिथे वडिलांचे चार लूम होते, चादरी विणायचे. सहा वर्षांपूर्वी लूम विकले. आता तिथे आईची कपाटं, धान्याची कोठी आणि माझी मोटारसायकल असते. फरशीत लूमचे बोल्ट मात्र अजून तसेच रुतलेले आहेत.

महानगरपालिकेची माणसं घरपट्टीसाठी मोजणीला आली, ते बोल्ट बघून कागदावर ‘कारखाना’ लिहून गेली. आई सांगत होती, कुणी ऐकलं नाही. अंगणाची मोकळी जागाही बांधकामात धरलीय. आता नोटिशीत करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर घरपट्टी आकारतात ती) दुपटीच्या वर गेलंय. वडील गेल्यापासून आईची पेन्शन हाच आधार, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

हरकतीच्या मुदतीतले नऊच दिवस उरलेत. आधी लेखी हरकत, ती फेटाळली तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली 15 दिवसांत न्यायाधीशांकडे अपील, आणि त्यासाठी मागितलेली रक्कम आधी भरावी लागते, एवढं समजलंय. म्हणूनच हरकत पक्की करायचीय.

लूमचं वीज कनेक्शन तोडल्याची पावती आणि शेडचे फोटो आहेत, लूम विकल्याचा कागद नाही. एवढ्यावर भागेल का? फेरमोजणी त्याच अर्जात मागायची की वेगळा अर्ज द्यायचा? सुनावणीला आईऐवजी मी गेलो तर चालेल का, अधिकारपत्र लागतं का? कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.