विंडोज नव्याने टाकल्यावर वायफाय गायब, आवाज बंद आणि बाबांचे मेलही येईनात

पानगळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. घरचा डेस्कटॉप जुना आहे, फार हळू चालायला लागला म्हणून परवा पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. फॉरमॅट नाही केलं, त्याच पार्टिशनवर टाकलं. चालू तर झालं पण वायफायचं चिन्हच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीन ठिकाणी पिवळं उद्गारचिन्ह आहे, नेटवर्क कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर आणि पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर. उघडलं की कोड २८ लिहिलेलं येतं. स्पीकरमधून आवाज पण येत नाही, तिथे मात्र पिवळं काही नाही.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. बाबा थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये मेल बघायचे, त्यांचं जीमेल खातं त्यात पॉपने जोडलेलं होतं. फोनवर ते खातं उघडलं तर गेल्या काही महिन्यांचेच मेल दिसतात, त्याआधीचं काहीच नाही. बाबांच्या मित्रांची कित्येक वर्षांची पत्रं त्यात आहेत. ती गेली का हो? कालपासून झोप नाही मला.

रात्रपाळी

आधी एक काम करा, बाकी सगळं बाजूला ठेवा. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचा फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता टाकलंय म्हणताय तर जुनं सगळं विंडोज त्यात हलवलेलं असतं, युजरच्या फोल्डरसकट. पण तो फोल्डर कायमचा राहत नाही, अपग्रेड केलेल्या मशीनवर १० दिवसांनी विंडोज स्वतःच पुसून टाकतं, म्हणून आजच उघडा आणि डिस्क क्लीनअप वगैरे अजिबात चालवू नका. आत युजर्स, मग बाबांच्या नावाचा फोल्डर, मग ॲपडेटा (हा लपलेला असतो, व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा), मग रोमिंग, मग थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स. परवानगी मागेल तेव्हा कंटिन्यू करा. प्रोफाइल्सचा तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, कट नाही हं, कॉपी.

मेल फोनवर का दिसत नाहीत तर पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरून घेतले जातात आणि 'सर्व्हरवर ठेवा' हे बंद असेल तर तिथली प्रत जाते. म्हणजे त्या पत्रांची एकमेव प्रत तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्येच आहे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतात आणि फोन, कॉम्प्युटर दोन्हीकडे तेच दिसतात, पुढे तेच वापरा.

तांबडा दिवा

ड्रायव्हरचं (एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) मी सांगतो. कोड २८ म्हणजे त्या भागाचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही, भाग बिघडलाय असा अर्थ नाही, तेव्हा घाबरू नका. एसएम बस कंट्रोलर म्हणजे चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचा) ड्रायव्हर हवाय. पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स बहुतेक वेळा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन असतं. नेटवर्क कंट्रोलर कुठल्या कंपनीचा हे बघायला त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. त्यात 'व्हेन' च्या पुढे चार अक्षरं असतात, ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम.

नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, तर अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा, त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. मग विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे मिळालं नाही तर सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, बेसबोर्ड प्रॉडक्टच्या ओळीत मदरबोर्डचं मॉडेल असतं, त्या मॉडेलचे ड्रायव्हर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आधी चिपसेट, मग बाकीचे. ते 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाले प्रोग्राम कृपा करून टाकू नका, चुकीचा ड्रायव्हर बसवून चालू मशीन बंद पडलेली मी स्वतः बघितली आहेत.

आवाजाचं, पिवळं चिन्ह नाही म्हणजे ड्रायव्हर आहे. मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय का? बरेचदा विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवत बसतं. खालच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदलून बघा.

पानगळ

विंडोज.ओल्ड सापडला!! प्रोफाइलचा फोल्डर जवळजवळ ६ जीबीचा आहे, दोन पेनड्राइव्हवर घेतला. खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं खरंच. आवाजही आला, एचडीएमआयच होतं.

पण पुढे अडलंय. टेदरिंग चालू आहे, नेट आल्याचं दाखवतं, तरी विंडोज अपडेट दर वेळी एरर देऊन थांबतं. मधल्या वेळात मेल बघता यावेत म्हणून थंडरबर्ड नवीन उतरवून पेनड्राइव्हने टाकलं आणि खातं जोडायला गेले तर पासवर्ड बरोबर असून घेत नाही. नंतर सर्टिफिकेटबद्दल एक खिडकी आली, साइटचं सर्टिफिकेट वैध नाही म्हणते आणि खाली कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन असं बटण आहे. ते दाबू का? बाबा म्हणतात पासवर्ड बदलून बघ.

रात्रपाळी

ते बटण दाबू नका, पासवर्डही बदलू नका. जीमेलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलंय, त्यामुळे तुमचा पासवर्ड बरोबर असला तरी तो तिथे चालणारच नाही. थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशनच्या ठिकाणी ओऑथ२ निवडा, गूगलचं पान उघडेल, लॉगिन तिथे करायचं. आयमॅपला पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. पाठवायला ४६५ एसएसएलवर किंवा ५८७ स्टार्टटीएलएसवर. एखाद्या जुन्या प्रोग्रामला ओऑथ जमत नसेल तर खात्यात टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो, तुम्हाला त्याची गरज नाही.

सर्टिफिकेटचं मात्र मला कळेना.

कंदील

मध्ये बोलतो. अपडेटही अडतंय आणि सर्टिफिकेटही, दोन्ही एकाच वेळी. ताई, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? आणि रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डचं बटण बंद करता का?

पानगळ

अरे देवा. १ जानेवारी २०१७ दाखवतंय. हो, बटण रोज बंद करतो. दोन दिवस समोर आहे आणि मी एकदाही तिकडे बघितलं नाही.

कंदील

मग सापडलं. मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपल्यावर वीज गेली की तारीख मागे जाते. सर्टिफिकेट म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, प्रत्येकाला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, तुमचं मशीन २०१७ मध्ये बसलंय त्यामुळे आजचं सर्टिफिकेट त्याच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नाही. मेल, अपडेट, गूगलचं लॉगिनचं पान सगळं त्यातच अडकतं. नेटवरून वेळ आपोआप का सुधारली नाही तर घरगुती विंडोजमध्ये मूळ सेटिंगने १५ तासांपेक्षा जास्त फरक असला की ते स्वतःहून बदलत नाही. आत्ता तारीख, वेळ आणि टाइमझोन हाताने बरोबर करा, लगेच चालू होईल.

सेल बदलताना पॉवरची केबल काढा, चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच आत हात घाला. सेलच्या बाजूची खिटी हळूच सरकवली की तो वर येतो, लिहिलेली बाजू वर ठेवून नवीन बसवा. त्याआधी बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, कारण तो बदलला गेला तर विंडोज चालूच होत नाही.

रात्रपाळी

वा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ताई, जुने मेल परत आणताना थंडरबर्ड जुन्याइतकं किंवा त्याहून नवीन व्हर्जनचं असू द्या. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडून ठेवा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि त्या फोल्डरमधलं सगळं काढून जुन्या फोल्डरच्या आतलं टाका. खातं, पत्ते, साठवलेले पासवर्ड सगळं येतं. पेनड्राइव्हवरची प्रत महिनाभर तरी पुसू नका.

पानगळ

तारीख बदलल्याबरोबर अपडेट चाललं आणि तिन्ही पिवळी चिन्हं गेली, वायफाय रिअलटेकचं निघालं. सेल उद्या बदलतेय, बायोसचे फोटो काढून ठेवलेत. प्रोफाइल टाकलं तसं डावीकडे सगळे फोल्डर आले, सर्वात जुनं पत्र २००९ चं आहे. बाबा तासभर झाला तेच वाचत बसलेत, जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.