बागेतले श्रमदान: रहिवाशांचे कर्तव्य की महापालिकेची सुटका?

पिंपळपान (पुणे)

आमच्या वस्तीतल्या लहानशा उद्यानात गेली चार वर्षे दर रविवारी सकाळी साडेसहा ते आठ या वेळात आम्ही दहा-बारा जण श्रमदान करतो. मागच्या रविवारी आमच्यातल्याच एकाने विचारले की, मालमत्ता कर वेळेवर भरूनही हे काम आपण का करायचे, आणि आपण करतो म्हणूनच महापालिका करत नाही असे तर होत नाही ना? या प्रश्नावर सर्वांची मते हवी आहेत. माझे मत आधी मांडतो.

सुरुवात पालापाचोळ्यापासून झाली. बागेत दोन मोठे पर्जन्यवृक्ष आणि चार सोनमोहर आहेत, आणि उन्हाळा लागता लागता पायवाट दिसेनाशी होईल इतका पाला पडतो. तो कोपऱ्यात पेटवला जाई आणि धूर समोरच्या इमारतींत शिरे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी करून साध्या प्रकारासाठी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. पण आम्ही तक्रार केली की आग दोन दिवस थांबायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लागायची. शेवटी आम्ही लोखंडी जाळीचे तीन गोल पिंजरे बसवले. पहिले वर्ष वाया गेले, कारण आम्ही नुसता कोरडा पाला दाबून भरला आणि तो वर्षभर जसाच्या तसा राहिला. नंतर बागेतल्या माळीकाकांनी दाखवले की, एक वीत पाल्याचा थर, त्यावर ताज्या शेणाचा काला, पुन्हा पाला असे रचत जायचे आणि दर पंधरा दिवसांनी सगळे वरखाली करायचे. मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, इतपतच ओलावा ठेवायचा. आता पाच-सहा महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते आणि ते बागेतल्याच आळ्यांत जाते.

या कामाने आम्हाला खतापेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे ओळख. वीस वर्षे समोरासमोर राहून एकमेकांचे नाव माहीत नसलेली माणसे आता घमेले उचलताना घरचे बोलतात. शिवाय ज्याने स्वतः बागेला पाणी घातले आहे, त्याला कोणता नळ किती महिन्यांपासून गळतो हे ठाऊक असते, आणि म्हणून क्षेत्रीय कार्यालयात त्याला मोघम उत्तर देऊन परत पाठवता येत नाही. श्रमदानाने महापालिकेवरचा आपला हक्क कमी होत नाही, उलट बळकट होतो, असे माझे ठाम मत आहे.

करदाता

आपल्या चिकाटीबद्दल आदर ठेवूनच मी पूर्ण विरोधी मत नोंदवतो.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत घातलेला आहे. तरीही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर सार्वजनिक उद्याने ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पैसा कमी पडला की पहिली कात्री ऐच्छिक कामांना लागणार, हे सांगायला कोणी जाणकार लागत नाही. अशा वेळी फुकट राबणारे हात दिसले, तर ती कात्री चालवणाऱ्याला आपण स्वतःहून कारणच पुरवतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या भागातल्या बागेतले झोपाळे तुटले, तेव्हा आम्ही वर्गणी काढून ते दुरुस्त करून घेतले. पुढच्या वर्षी घसरगुंडीचा पत्रा फाटला, त्याच्या कडेने एका मुलीची पोटरी कापली, आणि तक्रार घेऊन गेल्यावर आम्हाला तोंडी सांगण्यात आले की, तुमचा गट करतोच आहे ना, मग हेही करून घ्या. त्या मुलीच्या आईसमोर उत्तरदायी कोण होते? वर्गणी काढणारे आम्हीच.

भरीला भर म्हणजे पुणे आणि मुंबई या दोन्ही महापालिकांतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती होता. जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता, आणि नेमक्या त्याच काळात ठिकठिकाणचे स्वयंसेवक गट खड्डे बुजवत आणि बागा झाडत होते. ती पोकळी लोकांना जाणवायला हवी होती. आपण ती श्रमाने झाकली.

खुरपे

माझे वडील महापालिकेच्या उद्यान विभागात एकतीस वर्षे माळी होते. दोन्ही प्रतिसादांत माळी एकदाच आला, आणि तोही सल्ला देण्यापुरता, म्हणून लिहावेसे वाटले.

वडील ज्या बागेत होते तिथे त्यांच्या उमेदीत पाच कायम माळी होते. ते निवृत्त झाले तेव्हा दोन उरले होते, आणि आज तिथे ठेकेदाराचा एक माणूस दोन बागा सांभाळतो. त्याला सहा महिन्यांनी काम राहील की नाही याची शाश्वती नाही. मग कोणत्या झाडाला कधी खोडकिडा लागतो, हे त्याने कोणत्या भरवशावर शिकावे? वर्तमानपत्रात हातमोजे घातलेल्या स्वयंसेवकांचे छायाचित्र येते, तेव्हा रोज पहाटे साडेपाचला खराटा हातात घेणारा माणूस त्यात नसतो, याचे मला खरोखर दुःख होते.

दुसरे, झाडांची कळकळ असली तरी झाडांचे ज्ञान असतेच असे नाही. फांद्या छाटायलासुद्धा महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे किती गटांना माहीत असते? आमच्या जवळच्या बागेत एका रविवारी उत्साहाच्या भरात कुंपणालगतची रुई तण समजून मुळासकट उपटली गेली. त्या पानांच्या खालच्या अंगाला प्लेन टायगर फुलपाखराची अंडी होती, आणि काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या वडील आम्हा मुलांना दरवर्षी तिथेच नेऊन दाखवत. बाग स्वच्छ दिसू लागली हे खरे, पण ती फुलपाखरे तिथून गेली.

श्रमदान करू नका असे मी म्हणणार नाही. मात्र फावडे हातात घेण्याआधी आपल्या बागेला मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न लेखी विचारा, एवढी विनंती आहे.

दादरकर

मुंबईत हा वाद श्रमापुरता राहिला नाही, तो ताब्यापर्यंत गेला. मोकळे भूखंड संस्थांना दत्तक किंवा देखभालीसाठी देण्याच्या धोरणातून काही ठिकाणी सार्वजनिक जागेवर क्लब उभे राहिले आणि त्यांच्या दारात सर्वसामान्य माणूस परका झाला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा एवढी ओरड झाली की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, तेव्हाही नागरिकांच्या संघटनांनी तोच आक्षेप घेतला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली होती, तेव्हा आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयीन लढा देऊन ते सावरले, आणि आजही तिथे कोणीही पोरगा बॅट घेऊन उतरू शकतो. म्हणून माझ्या मते निकष एकच असावा: देखभाल कोणीही करो, फाटकाची किल्ली आणि नियमांची पाटी सार्वजनिक संस्थेकडेच राहिली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. असलेल्या तुकड्यांवर आणखी कुंपणे परवडणार नाहीत.

सप्तपर्णी

दादरकर यांनी किल्लीचा मुद्दा काढला, म्हणून विचारते. पुण्यातल्या बहुतेक बागा भर दुपारी बंद असतात. आमच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांना दोन घरांच्या मध्ये तासभर मोकळा मिळतो तो नेमका त्याच वेळी, आणि मग त्या फाटकाबाहेरच्या पदपथावर डबा उघडून बसतात. मागच्या वर्षी आमच्या उद्यान गटाच्या बैठकीत मी दुपारी बाग उघडी ठेवण्याची मागणी करा असे सुचवले, तेव्हा सुरक्षिततेचे कारण देऊन विषय बाजूला ठेवण्यात आला. संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना उठवण्याचा विषय मात्र पाऊण तास चालला.

या गटांत ज्यांना रविवारची सकाळ मोकळी असते तेच येतात, आणि बागेचे नियम त्यांच्याच सोयीने ठरतात. मला श्रमदानाबद्दल तक्रार नाही. पण घाम गाळला म्हणून बागेवर आपला जास्त हक्क आहे, ही भावना मी जवळून पाहिली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही.

करदाता

दादरकर, ओव्हलभोवती राहणाऱ्यांकडे न्यायालयात जाण्याचे बळ होते. तेवढे बळ नसलेल्या वस्तीतल्या बागेचे काय करायचे, या प्रश्नाला तुमच्या निकषातून उत्तर मिळत नाही. म्हणूनच मी महापालिकेच्या जबाबदारीवर अडून बसतो. ती सगळ्या प्रभागांना सारखी लागू होते.

पिंपळपान (पुणे)

सर्वांचे प्रतिसाद रविवारी गटात वाचून दाखवले. खुरपे यांच्या प्रतिसादानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण रुई आम्हीही उपटली होती.

झाडलोट, पाणी आणि खेळण्यांची दुरुस्ती ही महापालिकेचीच कामे आहेत, हा करदाता यांचा मुद्दा मी मान्य करतो आणि ती आम्ही यापुढे करणार नाही. बाग महिनाभर अस्वच्छ दिसली तरी चालेल, तक्रारी मात्र दर आठवड्याला लेखी जातील. खताचे पिंजरे आम्ही सोडणार नाही. ते काम पूर्वी कोणी करतच नव्हते, त्यामुळे त्याने कोणाची जागा घेतलेली नाही. माळ्यांची मंजूर आणि भरलेली पदे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी दिला. बाग दुपारी उघडण्याच्या मागणीवर गटात सात जण बाजूने आणि चार जण विरोधात आहेत, म्हणून ते पत्र सात सह्यांनीच जाईल.

कुंपणाच्या मागच्या बाजूला रुईचे एक झुडूप वाचलेले सापडले. माळीकाकांनी त्याच्याभोवती विटांचे आळे केले आहे, म्हणजे कोणी तण समजून ते उपटणार नाही.